पाळीचे पाणी आणि आलिशान बोट

सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीला दुधना नदी अडवली आहे. हा निम्न दुधना प्रकल्प. धरण भरले की सुमारे 242 दशलक्ष घनमीटर उपयुक्त पाणी साठते आणि दोन्ही तीरांचे कालवे सुरू होतात. सेलूच्या दक्षिणेला, पाथरी-मानवतच्या अंगाने, जायकवाडीचा डावा कालवा जातो. त्याची एकूण लांबी 208 किलोमीटर. म्हणजे कालवा ही काय चीज आहे हे या भागात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पाळी कधी सुटणार, टेलला पाणी पोहोचणार की वरचेच अडवून घेणार, यावर इथल्या चहाच्या टपऱ्या वर्षानुवर्षे चालल्या आहेत. पण या कालव्यात कुणी प्रवासी बोट पाहिलेली नाही, आणि पाहायला मिळेल अशी कुणाला आशाही नाही.

तिकडे इंग्लंडमध्ये मात्र सात फूट रुंदीच्या लॉकमधून सत्तर फूट लांब बोटी सरकत असतात. आत स्वयंपाकघर, न्हाणीघर, पलंग, शेगडी. माणसे त्यात सुट्टी काढतात, काही तर जन्म काढतात. नव्या आलिशान बोटींत सुकाणूच्या दांड्याजवळ एक बोटभर काडी असते, जॉयस्टिक; ती ढकलाल तिकडे बोटीचे तोंड वळते. आणि बोट विकायची वेळ आली की मालक स्वतः गिऱ्हाईक शोधत हिंडत नाही, दलालाच्या धक्क्यावर नेऊन बांधतो. कालवा, काडी आणि दलाल असे हे त्रिकूट. यातले आपल्याकडे काय आहे, काय नाही आणि काय येऊ शकते, ते सेलूच्या बाजूने पाहू.

पहिला प्रश्न कालव्याचा. आपला कालवा उतारावर खोदलेला असतो, कारण त्याचे काम पाणी पुढे नेण्याचे. उतार किलोमीटरला काही सेंटिमीटर एवढाच, पण तेवढ्यानेच पाणी चालते राहते. जमीन त्याहून जास्त उतरत असेल तर मध्ये पायरी करून पाणी खाली पाडतात. आडवा नाला आला की कालवा जलसेतूवरून जातो, नाहीतर नाल्याच्या खालून बंद नळीत शिरतो. पुलाखाली उंची ठेवलेली असते ती पाणी जाण्यापुरती. जागोजाग पातळी वाढवायला दरवाजे असतात. शिवाय पाळी आहेच. रब्बीत आवर्तने मिळतात, धरणात उरले तर उन्हाळ्यात एखाददुसरे. मधल्या दिवसांत कालवा कोरडा पडतो, तळाशी गाळ आणि त्यात वेड्या बाभळी. 2016 आणि 2019 च्या उन्हाळ्यांत तर खुद्द जायकवाडीच्या नाथसागराचा उपयुक्त साठा शून्यावर आला होता. अशा कालव्यात घातलेली बोट वर्षातले बहुतेक महिने काँक्रीटवर टेकून बसेल.

इंग्रजी कालवा याच्या नेमका उलटा. तो समपातळीत खोदलेला असतो आणि त्यातले पाणी जवळजवळ स्थिर असते. चढ आला की लॉक बांधतात: दोन दरवाज्यांमधली दगडी खोली. बोट आत घ्यायची, दार लावायचे, वरून पाणी सोडायचे, बोट पाण्याबरोबर वर येते. युक्ती सोपी आहे, पण फुकटची नाही. अरुंद लॉकसुद्धा एका वेळी साधारण सव्वा लाख लिटर पाणी वरून खाली घालवते. दहा-बारा हजार लिटरचा टँकर धरला तर एक बोट एक पायरी चढायला दहा-बारा टँकर लागले! ज्या मुलखात पाऊस वर्षभर रिपरिपतो तिथे हा हिशेब सहसा कुणी करत नाही. परभणी जिल्ह्यात तो पहिल्या दिवशीच करावा लागेल.

तरीही हिंदुस्थानातले कालवे पहिल्यापासून बोटींना पाठमोरे होते असे नाही. 1854 मध्ये सुरू झालेल्या गंगा कालव्यावर कॉटली या अभियंत्याने पायऱ्यांच्या बाजूला बोटींसाठी लॉक बांधली होती. गोदावरीच्याच खालच्या टोकाला, राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला, अभियंता आर्थर कॉटनने 1852 पर्यंत बंधारा पुरा केला आणि तिथून निघालेल्या कालव्यांत शेतीच्या पाण्याबरोबर भाताच्या नावाही चालवल्या. कॉटनचे म्हणणे होते की सरकारने रेल्वेवर चालवलेली उधळपट्टी थांबवावी आणि तोच पैसा नौवहनाच्या कालव्यांवर घालावा, एका खर्चात पीकही निघेल आणि वाहतूकही होईल. त्याच्या या मताच्या जोरावर मद्रासेत एक खासगी कंपनी उभी राहिली. तिने कर्नूल–कडप्पा कालवा काढला, त्यात बोटींची सोयही ठेवली आणि पुरती नुकसानीत गेली. 1882 मध्ये तो कालवा सरकारने विकत घेतला. बकिंगहॅम कालव्याचे नशीब थोडे बरे. 1806 च्या सुमारास मद्रासजवळ सुरू झालेला हा किनाऱ्यालगतचा जलमार्ग 1876–78 च्या दुष्काळात लोकांना काम देण्यासाठी वाढवला गेला आणि पुढे सव्वाचारशे किलोमीटरच्या घरात पोहोचला. मीठ, सरपण, भात यांची ने-आण त्यावरून कित्येक दशके झाली.

या सगळ्या यशस्वी उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. ती सगळी सपाट मुलखातली आहेत: गंगेचे मैदान, गोदावरीचा त्रिभुज प्रदेश, समुद्रकाठ. दख्खनच्या पठारावर मुठा कालवे झाले, नीरेचे झाले, पण ते घाटातले पाणी दुष्काळी पट्ट्याला देण्यासाठी. तिथे बोटीचा विचार करायला ना उतार अनुकूल होता ना पाणी पुरेसे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या मुलखात होता आणि सेलूला कालव्याच्या कितीतरी आधी रेल्वे आली. विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाड–हैदराबाद मार्ग सुरू झाला आणि सेलूचा कापूस रुळावरून मुंबईकडे जाऊ लागला. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली ती 1965 मध्ये, उद्घाटन इंदिरा गांधींच्या हस्ते 1976 मध्ये. तोवर माल वाहण्यासाठी कालवा हवा असे म्हणणारा कुणी उरला नव्हता. कॉटनचा वाद इथे हरलाच नाही, कारण तो इथे कुणी मांडलाच नाही.

गंमत म्हणजे कागदावर परभणी जिल्ह्यातून आज राष्ट्रीय जलमार्ग जातो. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातल्या जलमार्गांची संख्या 111 वर नेली. त्यात चौथ्या क्रमांकाच्या जलमार्गाची हद्द भद्राचलमपासून गोदावरीने थेट नाशिकपर्यंत वाढवली. हा वाढीव टप्पा 1,184 किलोमीटरचा. म्हणजे पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम या तालुक्यांची गोदावरी कायद्याने नौवहनाची नदी आहे. प्रत्यक्षात याच पट्ट्यात ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल, डिग्रस असे उच्च पातळी बंधारे ओळीने उभे आहेत. त्यांनी नदीत लांबच लांब पाणी उभे केले हे खरे, पण बोट एका बंधाऱ्यावरून दुसऱ्याच्या फुगवट्यात नेणारे लॉक एकालाही नाही. दिल्लीच्या नकाशावर रेघ ओढणे स्वस्त असते. तरी हे बंधारे बोटीच्या दृष्टीने कालव्यांपेक्षा बरे, हे लक्षात ठेवायला हवे. त्या मुद्द्यावर पुढे येऊ.

आता आलिशानपणाकडे. इंग्लंडच्या कालव्यांचा जन्म कोळशासाठी झाला. 1761 चा ब्रिजवॉटर कालवा, मग जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने घालून दिलेली अरुंद लॉकची मापे, आणि त्या मापांत बसणारी लांबलचक नाव. रेल्वेने या धंद्याचा कणा मोडला आणि विसाव्या शतकाच्या मध्याला बरेचसे कालवे बुजायला आले होते. 1944 मध्ये टॉम रोल्ट याने आपल्या बोटप्रवासाचे पुस्तक छापले, 1946 मध्ये कालवे वाचवणारी संघटना उभी राहिली आणि हौशी लोकांनी फावडी घेऊन गाळ उपसला. आज इंग्लंड-वेल्समधले सुमारे 3,200 किलोमीटरचे जलमार्ग 2012 पासून एक धर्मादाय न्यास सांभाळतो आणि त्यावर पस्तीस हजारांच्या आसपास परवानाधारक बोटी आहेत. वेगमर्यादा ताशी चार मैल. माणूस काठाने झपाझप चालला तर बोटीच्या पुढे जाईल.

सहा फूट दहा इंच रुंदीच्या या बोटीत आलिशान ते काय, असे कुणालाही वाटेल. जागा अरुंद असल्यामुळे सगळा पैसा सुतारकामात, उष्णतेच्या सोयीत, बॅटऱ्यांत आणि शांत इंजिनात जातो. चांगली नवी बोट बांधून घ्यायची तर आज दीड लाख पौंडांच्या पुढेच मोजावे लागतात. जास्त रुंद बोटी घराच्या जवळ जातात, पण त्या देशभर फिरू शकत नाहीत. मधल्या प्रदेशातली लॉक त्यांना आत घेत नाहीत. फ्रान्समध्ये 1879 च्या कायद्याने लॉकचे माप 39 मीटर बाय सव्वापाच मीटरच्या आसपास ठरवले, त्यामुळे तिथल्या जुन्या मालवाहू नावांची तरंगती हॉटेले झाली. 1681 चा, 240 किलोमीटर लांबीचा कॅनाल द्यू मिदी 1996 पासून जागतिक वारसा आहे, आणि तिथे भाड्याची बोट घेणाऱ्याकडे परवाना असावाच लागतो असे नाही. तासाभराचे धडे दिले की कारकून-मास्तर-डॉक्टर अशी कुणीही मंडळी बोट घेऊन निघतात. जॉयस्टिकची गोष्ट इथून सुरू होते.

साध्या बोटीला मागे एक पंखा आणि त्याच्यामागे सुकाणू. सुकाणू बोट वळवते ते पाण्याच्या धारेच्या जोरावर. पंखा पुढे फिरतोय तोवर धार सुकाणूवर आदळते आणि बोट ऐकते. पंखा उलटा फिरवला की धार दुसरीकडे जाते आणि सुकाणूला काम उरत नाही. त्यातच उलटा फिरणारा पंखा बोटीची शेपटी एका बाजूला ओढतो. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते, आणि वळताना बोट मधल्या बिंदूभोवती फिरते, म्हणजे पुढचे टोक आत गेले की मागचे बाहेर फेकले जाते. ज्याने उसाची भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरने मागे घेतली आहे त्याला हे शिकवावे लागणार नाही. फरक इतकाच की पाण्यात ब्रेक नसतो. वीस टनांच्या आसपासचे लोखंड ताशी दोन मैलांनी दुसऱ्याच्या बोटीवर जाऊन टेकले तरी आतल्या कपबश्या फुटतात.

यावर पहिला उपाय म्हणजे पुढच्या टोकाला आडवे भोक पाडून त्यात बसवलेला छोटा विजेचा पंखा, बो थ्रस्टर. तो बोटीचे तोंड डावी-उजवीकडे ढकलतो. मागेही तसाच एक बसवला की बोट जागच्या जागी बाजूला सरकते. अरुंद बोटींत जी जॉयस्टिक असते ती बहुतेक वेळा या पंख्यांचीच कळ असते, इंजिन आणि दांडा वेगळाच राहतो. खरी एकत्रित जॉयस्टिक समुद्रातल्या बोटींवर आली. व्होल्व्हो पेंटाने 2005 च्या सुमारास बोटीच्या पोटाखाली स्वतंत्र फिरणारे दोन पंखे आणले आणि पाठोपाठ त्यांना जोडणारी काडी दिली. तुम्ही काडी तिरकी ढकलता आणि संगणक ठरवतो की डाव्या पंख्याने किती अंशांत वळायचे, उजव्याने किती जोर लावायचा. तीच कल्पना आज विजेवर चालणाऱ्या रुंद कालवा-बोटींत उतरते आहे.

माझे मत विचाराल तर ही काडी उपयोगी आहे, पण तिचे कौतुक जरा जास्तच होते. थ्रस्टर चालू असताना बारा व्होल्टच्या बॅटरीतून काहीशे अँपिअर ओढतो. काही मिनिटे सलग दाबून धरला तर तापून बंद पडतो. भोकात फांदी किंवा प्लॅस्टिकची पिशवी अडकली की गेला. आपल्या जलाशयांत जलपर्णी आणि मासेमारीची जाळी दोन्ही आहेत, तिथे तर अधिकच. वारा सुटलेल्या दिवशी बोट कशी लावायची हे ज्याला दांड्याने येते त्याच्या हातात काडी शोभते. ज्याला येत नाही त्याच्या हातात ती बंद पडते तेव्हा बोट वाऱ्याच्या हवाली होते. 18 डिसेंबर 2024 ला मुंबईच्या समुद्रात इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. ते यंत्र वेगळे, प्रसंग वेगळा, पण यंत्राने ऐकायचे थांबवल्यावर पाण्यावर काय होते ते सगळ्या महाराष्ट्राने दूरचित्रवाणीवर पाहिले.

मग दलाल. या विषयात सेलूच्या वाचकाला इंग्रज वाचकापेक्षा जास्त कळते असे मला खरोखर वाटते. मोंढ्यात माल घेऊन आलेला शेतकरी आडत दुकानाच्या ओट्यावर माल टाकतो, आडत्या तो खरेदीदाराला दाखवतो, भाव ठरतो, मापारी माप करतो, हमाली-तोलाई वजा होते आणि पट्टी हातात येते. बोटीचा दलाल याहून फार वेगळे काही करत नाही. बोट त्याच्या धक्क्यावर बांधलेली असते, तो फोटो काढतो, वर्णन लिहितो, बघायला येणाऱ्यांना फिरवतो, बयाणा घेतो, तपासणी होईपर्यंत सौदा धरून ठेवतो आणि शेवटी पैसे वळते करतो. इंग्लंडात ही दलाली साधारण सहा टक्क्यांच्या आसपास, वर कर, आणि ती विकणाऱ्याकडून घेतली जाते. आपल्याकडे आडत कुणी द्यायची यावर किती रण माजले ते आठवा. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने फळे-भाजीपाला नियमनमुक्त केला आणि त्यातली आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरले, तेव्हा बाजार काही दिवस बंद पडले होते.

इथे एक कायदेशीर गाठ आहे आणि तिच्यातच बरेच गिऱ्हाईक फसते. आपल्या बाजारात कच्चा आडत्या आणि पक्का आडत्या असा भेद जुना आहे, न्यायालयांनीही मानलेला. कच्चा आडत्या फक्त दोघांची गाठ घालतो, व्यवहार मूळ मालक आणि घेणारा यांच्यातला. पक्का आडत्या दोन्ही बाजूंना स्वतः जबाबदार राहतो. बोटीचा दलाल हा जवळजवळ नेहमी कच्चा आडत्या असतो. त्याच्या चकचकीत कार्यालयात बसून, त्याच्या कागदावर सही करून तुम्ही बोट घेतली तरी विकणारा तो नसतो, कुणी निवृत्त मास्तर असतो. इंग्लंडात 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याचे संरक्षण व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला आहे. दलालामार्फत खासगी मालकाकडून घेतलेल्या बोटीला ते तसेच्या तसे मिळत नाही. इंजिन आठवड्यात बसले तर दलाल खांदे उडवू शकतो. पण त्याच धक्क्यावर शेजारी उभी असलेली बोट दलालाने स्वतः विकत घेऊन ठेवलेली असेल तर तो व्यापारी ठरतो आणि जबाबदारीही त्याची. म्हणून तिथला सावध गिऱ्हाईक पहिला प्रश्न किमतीचा विचारत नाही, “ही बोट तुमची की दुसऱ्याची?” असे विचारतो.

दुसरी गाठ मालकीची. आपल्याकडे दुचाकीलाही आरसी असते. इंग्लंडच्या कालव्यावरच्या बोटीला मालकीचे असे सक्तीचे सरकारी नोंदपुस्तकच नाही. जलमार्गाचा परवाना मिळतो, पण परवाना म्हणजे मालकी नव्हे. बोटीवर कर्ज आहे की नाही हे कळायला जुन्या विक्रीपावत्यांची साखळी तपासावी लागते. चांगला दलाल कमिशन कमावतो ते इथे: साखळी जुळवून देण्यात, बयाणा स्वतःच्या गल्ल्यात न घालता वेगळ्या खात्यात ठेवण्यात आणि तपासनिसाला मोकळा हात देण्यात. हा तपासनीस गिऱ्हाइकाने नेमायचा असतो. बोट पाण्याबाहेर काढून तो पोलादाची जाडी यंत्राने मोजतो. तळ नवा असताना सहा मिलिमीटरच्या वर असतो, गंजून चारपर्यंत आला की विमा कंपन्या नाक मुरडतात. दर दोन-तीन वर्षांनी डांबरी लेप दिला होता का, गंज स्वतःवर ओढून घेणारे धातूचे गोळे वेळेवर बदलले का, गॅस आणि विजेचे चार वर्षांचे सुरक्षा प्रमाणपत्र चालू आहे का, हे सगळे त्या दिवशी उघडे पडते. तपासणीच्या अहवालानंतर पुन्हा घासाघीस. मोंढ्यात ओलावा मोजून भाव पाडतात तसलाच हा प्रकार, फक्त इथे पडणारा आकडा मोठा असतो.

भारतात या बाबतीत आपण एक पाऊल पुढे टाकले आहे, निदान कायद्याने. 1917 चा जुना कायदा काढून 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आणि 2022 मध्ये तो लागू झाला. यांत्रिक जलयानाची नोंदणी, पाहणी, चालवणाऱ्याची पात्रता, विमा आणि देशभराची एकच नोंदवही असा त्याचा आराखडा. जुनी बोट घेणाऱ्यासाठी हे सोन्याहून पिवळे, कारण कागद बोलू लागतो.

मराठी मुलखात बोटींची खरी खरेदी-विक्री चालते ती किनाऱ्यावर आणि गोव्यात. कालवा आणि बोट हे जोडपे गोव्याला अजून नांदते. मांडवी आणि जुवारीला जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा आज राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 27 आहे, लांबी 17 किलोमीटर, काठावर खारफुटी आणि चिखलात मगरी. नाव कालव्याचे असले तरी ती भरती-ओहोटीची नैसर्गिक वाट आहे, म्हणूनच तिथे लॉक लागत नाही आणि पाणी आटत नाही. दोन नद्या आणि हा कालवा अशा तीन जलमार्गांवरून लोहखनिजाच्या बार्जी बंदराकडे जात. 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुढे 2018 मध्ये पुन्हा थांबल्या, आणि कर्ज काढून घेतलेल्या बार्जी नदीत नांगर टाकून गंजत बसल्या. त्या काळात दलालाकडे बोट बांधणे म्हणजे काय ते गोव्याच्या बार्जमालकांनी अनुभवले: विकणारे सगळे, घेणारा कुणी नाही, आणि भाव भंगाराच्या वजनावर.

मुंबईत गेटवेसमोर नांगरलेल्या यॉटींचा बाजार निराळा. तो लहान आहे, ओळखीवर चालतो आणि करामुळे आखडलेला आहे. हौसेच्या बोटींवर वस्तू-सेवा कर आणि उपकर मिळून 31 टक्के होता. सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्क्यांच्या चढ्या दरात गेला. पान मसाल्याच्या पंगतीला बोट बसवली की सरकारच्या मनात तिच्याविषयी काय आहे ते कळते. भाड्याने पर्यटक फिरवणारी बोट आणि धनिकाची स्वतःची बोट यांत कागदोपत्री फरक कसा दाखवायचा, यावरच निम्मी दलाली खर्च होते.

केरळात कालव्यावरचा आलिशानपणा देशी वळणाने आला. कोल्लमपासून कोट्टापुरमपर्यंतचा पश्चिम किनारी कालवा 1993 मध्ये राष्ट्रीय जलमार्ग झाला, त्याच सुमारास काथ्याच्या दोरीने फळ्या शिवलेल्या भाताच्या जुन्या नावांवर छप्पर, पलंग आणि स्वयंपाकी चढवून आलप्पुळच्या हाउसबोटी झाल्या. तिथे जॉयस्टिक नाही, तरी दलाल आहे, तो बोट विकत नाही, रात्र विकतो. मराठी पर्यटकाचे बोटीवरच्या ऐषआरामाचे चित्र बहुधा तिथूनच आलेले असते. तारकर्लीला पर्यटन महामंडळाने हाउसबोटी आणल्या त्या याच धर्तीवर.

पठारावरची आपली बोट मात्र धरणाच्या फुगवट्यात राहते. कोयनेच्या शिवसागरात बामणोली-तापोळ्याचे बोट क्लब गावकऱ्यांनीच चालवले. धरणात जमिनी गेल्या, रस्ते तुटले, तेव्हा लाँच ही गरज होती. पर्यटक मागून आले. उजनीच्या काठी भिगवण-कुंभारगावचे मच्छीमार हिवाळ्यात रोहित पक्षी दाखवायला नाव काढतात. हे धंदे टिकले, कारण बोट आधीपासून त्यांच्या जगण्यात होती. पण मे 2024 मध्ये याच उजनीत कळाशीजवळ वाऱ्याने प्रवासी बोट उलटून माणसे बुडाली. त्याआधी सप्टेंबर 2019 मध्ये गोदावरीच्याच पात्रात, आंध्रातल्या कच्चुलुरूजवळ, पर्यटकांची मोठी बोट पुरात उलटली आणि पन्नासच्या आसपास जीव गेले. दोन्हीकडे प्रश्न सुकाणू कुठल्या तऱ्हेचे होते हा नव्हता. वारा किंवा पूर असताना बोट निघू द्यायची की नाही हे कुणी ठरवायचे आणि अंगात जाकीट होते का, हा होता.

तेव्हा सेलूसाठी उत्तर कालव्यात नाही, फुगवट्यात आहे. निम्न दुधनाचा जलाशय किंवा गोदावरीवरचे ढालेगाव-मुद्गलसारखे बंधारे, एवढीच उभ्या पाण्याची जागा. त्यातही पिण्याच्या योजना या पाण्यावर चालतात, म्हणून डिझेलची गळती आणि बोटीतले सांडपाणी दोन्ही चालणार नाहीत. इंजिन विजेचे हवे आणि मैल्याची टाकी बंद, काठावर उपसायची. जायकवाडीच्या पाण्यावरून नाशिक-नगरशी दरवर्षी होणारी ओढाताण पाहता सहलीच्या बोटीसाठी पातळी राखा असे म्हणायला कुणी धजावणार नाही, आणि म्हणूही नये. पातळी पावसाळा ते मे या काळात कित्येक मीटर उतरते. पक्का घाट बांधला तर मार्चमध्ये तो पाण्यापासून लांब चिखलात उभा राहील, त्यामुळे धक्का तरंगताच हवा, पाण्यामागे सरकणारा. एवढ्या अटींत सत्तर फुटी बोटीचे काही काम नाही. दहा-बारा माणसांची, सपाट तळाची, छपरावर सौरपत्रे असलेली बोट पुरते. एक इंजिन, एक सुकाणू आणि हवा तर पुढे एक लहानसा थ्रस्टर.

अशी बोट नवी घेण्यापेक्षा कोकणातून किंवा केरळातून जुनी घेणे स्वस्त पडेल, आणि मग दलाल आलाच. त्याला बोट कुणाच्या नावे नोंदली आहे ते विचारावे, नोंदवहीतला उतारा मागावा, पाहणीचा दाखला जुना असेल तर नवा काढून द्यायची अट सौद्यात घालावी. खाऱ्या पाण्यात वाढलेली पोलादी बोट असेल तर जाडी मोजल्याशिवाय बयाणा देऊ नये. फायबरची असेल तर तळाला फोड आले आहेत का ते हाताने चाचपावे. दलाली कोण देणार हे आधी लिहून घ्यावे, कारण कागदावर नसेल तर दोन्हीकडून घेण्याची रीत काही फक्त मोंढ्यातच नाही. आणि रुंदी मोजावी. रस्त्यावरच्या वाहनाची कायदेशीर रुंदी साधारण 2.6 मीटर. त्याच्या आतली बोट ट्रकवर टाकून सरळ ब्रह्मवाकडीपर्यंत येते. त्याहून रुंद असली तर खास परवानगी, पुढे-मागे गाड्या आणि सेलूच्या रेल्वे फाटकाशी दोन तास, हा खर्च बोटीच्या किमतीत आधीच धरायचा.